जलकुंभी काढली, खत तसेच राहिले

अकोल्याच्या मोर्णा नदीने देशाला श्रमदानाचे मोठे उदाहरण दिले. आता तिच्या पाण्यात रोज पडणाऱ्या नत्र-स्फुरदाचा हिशेब मांडायला हवा.

१३ जानेवारी २०१८, शनिवार. संक्रांतीच्या आदल्या सकाळी अकोल्यातले सहा हजारांहून अधिक लोक मोर्णेच्या काठावर जमले. तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिक कुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने आखलेल्या मोर्णा स्वच्छता मोहिमेचा तो पहिला टप्पा होता. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी, दोन्ही काठांवर एकाच वेळी काम सुरू झाले. शंभरावर संस्था, महाविद्यालयांचे विद्यार्थी, शाळकरी मुले, घरसंसार सांभाळणाऱ्या बायका, वयोवृद्ध माणसे असे सगळे शहर हातात मिळेल ते साधन घेऊन आले होते. २० जानेवारीला पुन्हा तेच झाले आणि नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी यायचे असे ठरले. २८ जानेवारीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या मोहिमेचा उल्लेख केला आणि ज्या नदीचे नाव वऱ्हाडाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते, ती देशभर पोहोचली.

त्या मोहिमेबद्दल आजही अभिमान वाटावा असेच ते काम होते. गाडगेबाबांच्या मुलखात एवढी माणसे नदीसाठी घराबाहेर पडली, ही साधी गोष्ट नाही. पण त्या मोहिमेत काढलेली जलकुंभी परत आली. पुढच्या वर्षांत ती पुन्हा काढली गेली, पुन्हा वाढली, पुन्हा तिच्या बातम्या झाल्या. लोकांचे श्रम कमी पडले म्हणून हे घडले नाही. ज्याच्यावर ती जगते ते पाण्यात रोज नव्याने पडत राहिले, म्हणून घडले. मोर्णेचा प्रश्न हिरव्या पानांचा दिसतो, पण त्याचे मूळ पाण्यात विरघळलेल्या खतात आहे. ते खत डोळ्यांना दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी मोहीमही निघत नाही.

उन्हाळ्यात वाहते ते पाणी कोणाचे?

मोर्णा दक्षिणेकडच्या डोंगरातून पातूरच्या बाजूने उतरते, अकोला शहराच्या मधून जाते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते. म्हणजे अकोल्यात नदीत पडलेले काहीही अकोल्यात संपत नाही. ते खारपाणपट्ट्यातल्या गावांवरून खानदेशात उतरते आणि हतनूर धरणाच्या फुगवट्यापर्यंत जाते. ज्या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी खारे, तिथे वाहत्या गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पूर्वी बारमाही असलेली ही नदी आता पावसाळ्यापुरती उरली आहे. वरचे पाणी पातूर तालुक्यातल्या धरणात अडते आणि काठच्या विहिरी-बोअर भूजल उपसतात. दिवाळीनंतर नदीचे स्वतःचे पाणी आटत जाते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत शहरातले पात्र कोरडे पडत नाही. तेव्हा तिथे जे असते ते मोर्णेचे पाणी नसते. महानच्या काटेपूर्णा धरणातून नळाने घरात आलेले आणि घरातून नालीत गेलेले ते पाणी असते. एका नदीचे पाणी आपण पितो, वापरतो आणि दुसऱ्या नदीत सोडतो. मधल्या प्रवासात त्या पाण्यात आपण काय मिसळतो, यावर मोर्णेचा रंग ठरतो.

अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. कोमट, जवळजवळ थांबलेले, उघड्यावर भरपूर ऊन घेणारे आणि खताने भरलेले पाणी जलकुंभीला हवे असते. मोर्णेच्या पात्रात हे सगळे एकत्र आले आहे.

एक रोप हातात घेऊन

जलकुंभीचे एक रोप उपटून नीट पाहावे. पानाच्या देठाला मध्येच फुगवटा असतो. तो बोटांनी दाबला की पचकतो, कारण आत हवेने भरलेला स्पंजासारखा गर असतो. त्याच्यावरच रोप तरंगते. खाली काळपट-जांभळ्या, पिसासारख्या मुळांचा झुबका लोंबतो. ही मुळे मातीत शिरत नाहीत, पाण्यातूनच अन्न ओढतात. बुंध्यापासून आडवा धुमारा निघतो आणि त्याच्या टोकाला नवे रोप तयार होते. त्यालाही लगेच धुमारा फुटतो. अन्न आणि ऊन मिळाले की दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. फिकट जांभळ्या फुलांचा तुरा येतो, वरच्या पाकळीवर निळ्या डागात पिवळा ठिपका असतो. या देखण्या फुलांच्या मोहानेच ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. तिथे तिने जलमार्ग आणि भातखाचरे अशी व्यापली की १९३६ साली बंगालमध्ये जलकुंभीविरोधी खास कायदा करावा लागला. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पावसाळ्याच्या पुरात सगळी जलकुंभी वाहून गेली तरी पुढच्या हंगामाचे बियाणे पात्रातच असते.

पाण्यावर हिरवे आच्छादन बसले की खाली ऊन पोहोचत नाही. पाण्यातल्या इतर वनस्पती मरतात. वरची पाने कुजून तळाला जातात, त्यांना कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तग धरत नाहीत. तळाशी काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ साचतो. क्युलेक्स डासांना असे साचलेले घाण पाणी फार मानवते.

सतरा हजार पोती डीएपी

वऱ्हाडातल्या वाचकाला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द समजावून सांगायला नकोत. जलकुंभीला आणि शेवाळाला लागते ते हेच, विशेषतः नत्र आणि स्फुरद. कापसाच्या शेतात आपण जे पोत्याने विकत आणून टाकतो, तेच शहर नदीत फुकट टाकते. किती, याचा अंदाज घेता येतो.

भारतीय आहार धरला तर एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र आणि ०.४ किलो स्फुरद बाहेर पडते. यातला मोठा भाग मूत्रातला असतो. २०११च्या जनगणनेनुसार अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आसपास होती. आज ती जास्त आहे, पण जुनाच आकडा धरू. वर्षाला सुमारे ११५० टन नत्र आणि १७० टन स्फुरद झाले. पन्नास किलोच्या डीएपीच्या पोत्यात निव्वळ स्फुरद सुमारे दहा किलो असते. म्हणजे शहरातली माणसे वर्षभरात सतरा हजार पोती डीएपीइतके स्फुरद आणि पंचावन्न हजार पोती युरियाइतके नत्र बाहेर टाकतात. हे सगळेच नदीत जात नाही. काही सेप्टिक टँकच्या गाळात राहते, काही जमिनीत मुरते. पण विरघळलेला भाग टँकच्या वरच्या पाण्याबरोबर नालीत येतो आणि नाली नदीत. धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट याच्या वेगळे.

आता जलकुंभी काढण्याचा हिशेब पाहू. ओल्या जलकुंभीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच असते. एक टन जलकुंभी काढली तर कोरडा भाग पन्नास किलो, आणि त्यात स्फुरद जेमतेम पाव किलो. जठारपेठेतल्या चार माणसांच्या एका घराचे वर्षभराचे स्फुरद नदीतून जलकुंभीच्या रूपाने परत काढायचे म्हटले, तर सहा टनांहून अधिक जलकुंभी उपसावी लागेल. साऱ्या शहरासाठी हाच हिशेब पावणेसात लाख टनांच्या आसपास जातो. सहा हजारच काय, साठ हजार माणसे दर शनिवारी आली तरी हे साधणार नाही. त्यातून काढलेली जलकुंभी काठावरच ढिगाने पडून राहिली, की कुजून तिच्यातले खत पहिल्या पावसात पुन्हा पात्रात उतरते. भरखताच्या शेतात नुसते निंदण करत राहावे आणि खताची गाडी मात्र रोज येत राहावी, तसे हे झाले आहे.

तलावाच्या मध्ये पडदा टाकला तेव्हा

पाण्यातल्या हिरवळीला नेमके कोण जबाबदार, यावर साठच्या दशकात अमेरिका-कॅनडात मोठा वाद होता. साबण कंपन्यांना स्फुरदावर ठपका यायला नको होता, कारण डिटर्जंटमध्ये फॉस्फेट भरपूर असे. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने एका लहान तलावाच्या अरुंद कमरेत जाड पडदा बसवून त्याचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्या बाजूला कार्बन, नत्र आणि त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरद घातलेली बाजू दाट हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेल्या त्या तलावाच्या छायाचित्राने जे केले ते अनेक अहवालांना जमले नव्हते. पुढे अनेक देशांनी डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर मर्यादा घातली. युरोपीय संघात कपडे धुण्याच्या पावडरीसाठी ती २०१३ पासून सक्तीची आहे.

साचलेल्या पाण्यात जलकुंभी नसली तर तिची जागा शेवाळ घेते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते आणि जलाशयाचे पाणी हिरवे होते. कोल्हापूरच्या रंकाळ्यात नाले मिसळले आणि ज्या तलावाच्या काठी सारे शहर संध्याकाळी फिरायला जाते, त्याचे पाणी हिरवेगार, दुर्गंधीचे झाले. अशा पाण्यात वाढणाऱ्या नीलहरित जिवाणूंच्या काही जाती विष तयार करतात. ते पाणी उकळूनही जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशा विषामुळे जवळपास पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात असे पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. पाणी हिरवे होणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

लोणारचा हिरवा आणि मोर्णेचा हिरवा

मात्र प्रत्येक हिरवे पाणी आजारी नसते. आपल्याच वऱ्हाडातले, बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर याचे उत्तम उदाहरण आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेल्या या विवरातले पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात स्पिरुलिनासारखे सूक्ष्मजीव मुबलक वाढतात आणि पाणी हिरवे दिसते. जून २०२०मध्ये तेच पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा खारे पाणी पसंत करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे दिसले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, की असे घडू शकते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा रामसर यादीत समावेश झाला.

लोणारला धोका हिरव्या रंगाचा नाही, गावाकडून उतरणाऱ्या सांडपाण्याचा आहे. बाहेरचे गोडे, खताळलेले पाणी मिसळत राहिले तर हजारो वर्षांत घडलेला खारेपणाचा तोल बिघडतो आणि तिथेच जगणारे सूक्ष्मजीव जागा गमावतात. मोर्णेत जे खत जलकुंभी पोसते, तेच लोणारात एक दुर्मीळ जीवसृष्टी पुसू शकते. म्हणून पाण्याकडे नुसते पाहून भागत नाही, ते मोजावे लागते.

शुद्धीकरण झाले, पण कशाचे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे होते. देशात ही संख्या सर्वाधिक होती. त्यात अकोल्याची मोर्णा होती आणि अमरावतीचे सांडपाणी पोटात घेणारी पेढीही होती. दोन्ही नद्या पूर्णेच्याच. अकोल्यात अमृत योजनेतून भूमिगत गटारांचे काम झाले आणि शिलोडा येथे मलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले. ही पावले योग्य दिशेची आहेत. तरी एक गोष्ट नागरिकांनी समजून घ्यायला हवी.

नेहमीच्या पद्धतीचे मलशुद्धीकरण मुख्यतः कुजणारा सेंद्रिय भाग काढण्यासाठी असते. त्याने वास जातो, पाणी निवळ दिसते, माशांना प्राणवायू मिळतो. पण विरघळलेले स्फुरद बरेचसे तसेच राहते. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम स्फुरद असते. नेहमीच्या प्रक्रियेने त्यातला साधारण चतुर्थांश निघतो. तलाव हिरवा व्हायला मात्र ०.०३ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे प्रक्रिया झालेल्या निवळ पाण्यातही गरजेच्या शंभरपट खत शिल्लक राहू शकते. ते काढायचे तर खास जिवाणू-प्रक्रिया किंवा तुरटी, लोहक्षार यांची जोड द्यावी लागते. त्याला खर्च आहे आणि देखरेख लागते.

नियमही इथेच सैल पडला. २०१५च्या मसुद्यात मलशुद्धीकरण केंद्रांसाठी नत्राची मर्यादा सुचवली होती. ऑक्टोबर २०१७च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळाली. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९च्या आदेशात कडक निकष सांगितले. त्यात नत्रासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि तलाव-सरोवरात सोडायच्या पाण्यासाठी स्फुरद १ मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. जिथे धरणे आणि बंधाऱ्यांनी नदीचे उन्हाळ्यात डबक्यांच्या माळेत रूपांतर झाले आहे, तिथे नदीलाही तलावाचाच निकष लावला पाहिजे.

हे खत शेतकऱ्याचे आहे

नदीतल्या खताला शेतीही कारण आहे. काळ्या कापसाच्या जमिनीत स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसते. जूनमध्ये पेरणीबरोबर डीएपी दिले जाते आणि त्याच सुमारास मोठा पाऊस झाला की मोकळी माती वाहते, तिच्यासोबत स्फुरदही. यावर उपाय वऱ्हाडात माहीत नाही असे नाही. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घेतले तर पाणी सरीत मुरते आणि मातीची धूप कमी होते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांनी ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली आहे. माती परीक्षणाच्या पत्रिकेनुसार खत दिले तर शेतकऱ्याचे पैसेही वाचतात.

दुसरीकडे पाहा. स्फुरदाच्या खडकासाठी भारत मुख्यतः मोरोक्को, जॉर्डन यांसारख्या देशांवर अवलंबून आहे. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी कृषी केंद्रासमोर रांगा लागतात. १३५० रुपयांच्या नियंत्रित दराने पाहिले तरी शहरातून निघणाऱ्या सतरा हजार पोत्यांची किंमत सव्वादोन कोटींवर जाते. सरकार भरते ते अनुदान वेगळे. शेताला जे मिळत नाही तेच नदीत नको तेवढे आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत सोडण्याऐवजी तपासणी करून, आरोग्याचे निकष पाळून, कापूस किंवा चाऱ्याच्या पिकांना दिले तर खताचा मोठा भाग नदीबाहेर राहील. काढलेल्या जलकुंभीचे काठापासून दूर नेऊन कंपोस्ट केले तर तेही शेताच्या कामी येईल.

नदी सुधारते, पण वेळ घेते

अमेरिकेतल्या सिएटल शहराचे वॉशिंग्टन सरोवर १९५५च्या सुमारास सांडपाण्याने हिरवे होऊ लागले. डब्ल्यू. टी. एडमंडसन या संशोधकाने त्यामागे स्फुरद असल्याचे लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. १९५८ साली नागरिकांनी मतदान करून सांडपाण्याची एकत्रित व्यवस्था उभारायला मंजुरी दिली आणि स्वतःवर खर्चाचा भार घेतला. १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात येणारे सांडपाणी वळवण्यात आले. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाणी पुन्हा नितळ झाले. तिथे कोणी शेवाळ गाळत बसले नाही. येणारे खत बंद केले आणि सरोवराने बाकीचे काम स्वतः केले.

मोर्णेला याहून जास्त वेळ लागेल, कारण तिच्या तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचे स्फुरद साचले आहे. पाण्यातला प्राणवायू संपला की गाळ ते पुन्हा पाण्यात सोडतो. म्हणून आधी नाले वळवणे, मग गाळ काढणे, मग जलकुंभी, असा क्रम हवा. उलट्या क्रमाने केलेले काम दरवर्षी नव्याने करावे लागते.

अकोलेकरांनी २०१८ साली नदीत उतरून दाखवले. आता मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. नदीत पडणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या पाण्यातले आणि शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले नत्र व स्फुरद दर महिन्याला मोजून ते आकडे महापालिकेने जाहीर करावेत. प्रत्येक वॉर्डातली किती घरे भूमिगत गटाराला जोडली गेली, हेही लोकांना कळावे. जोडणी दारापर्यंत आली असेल तर ती घ्यायची टाळाटाळ आपण करू नये. धुण्याची पावडर घेताना पाकिटावर फॉस्फेटबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे, काहीच लिहिलेले नसेल तर दुकानदाराला विचारावे. शाळा-महाविद्यालयांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांनी नदीच्या पाण्यातले स्फुरद तपासणे हा वर्षाचा प्रकल्प करावा. अमरावतीकरांनी अंबा नाल्यासाठी आणि पेढीसाठी हेच करावे.

जलकुंभी दिसली की नदी बिघडली आणि काढली की सुधारली, हा समज सोडून द्यायला हवा. पाण्यातल्या स्फुरदाचा आकडा खाली येईल तेव्हाच मोर्णा सुधारली असे म्हणता येईल. तो आकडा मागणे हा अकोल्याच्या प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि आपल्या घरच्या नालीपासून तो खाली आणायला लागणे हे त्याचे कर्तव्य.